एकटी गाडी की गाड्यांचा घोळका? नॅस्कारच्या क्वालिफायिंगचा शनिवार निवडताना

न्यू जर्सी आणि आसपासच्या ज्या मराठी मंडळींनी नॅस्कार ही अमेरिकन मोटारशर्यतींची मालिका आजवर फक्त टीव्हीवर पाहिली आहे आणि आता एकदा तरी प्रत्यक्ष ट्रॅकवर जाण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यापुढे सहसा दोन नावे येतात. एक पेनसिल्व्हेनियातील पोकोनो आणि दुसरे न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागातील वॉटकिन्स ग्लेन. एडिसनहून निघाल्यास पहिले साधारण दोन तासांवर आहे आणि दुसरे त्याच्या दुप्पट. रविवारची मुख्य शर्यत कोणती पाहावी याबद्दल मी काही सुचवणार नाही. ती ज्याने त्याने आपल्या आवडत्या चालकाकडे आणि खिशाकडे पाहून ठरवावी. मला सांगायचे आहे ते शनिवारच्या क्वालिफायिंगविषयी, म्हणजे रविवारी कोणती गाडी कितव्या स्थानावरून सुटणार हे ठरवणाऱ्या वेळेच्या चाचणीविषयी. या दोन ठिकाणी ते दोन वेगळ्या पद्धतींनी होते आणि त्या पद्धतींवरून नॅस्कारच्या चाहत्यांत गेली दहा-बारा वर्षे वाद चालू आहे. पोकोनोला गाड्या एकामागून एक, एकट्याने सुटतात आणि प्रत्येकीची वेळ स्वतंत्र नोंदली जाते. ग्लेनला गाड्या गटाने सुटतात, घड्याळ चालू असते आणि त्या ठरावीक मिनिटांत ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्याने आपली वेगवान फेरी मारायची असते. मी दोन्ही पद्धती ट्रॅकवर बसून पाहिल्या आहेत आणि माझ्यापुरता निर्णयही केलेला आहे. तो सर्वांना पटेल असा माझा आग्रह नाही.

वादाचे मूळ २०१४ सालात आहे. त्याआधी नॅस्कारच्या सर्वोच्च श्रेणीत ओव्हलवर, म्हणजे अंडाकृती ट्रॅकवर, एकट्या गाडीचीच रीत होती. २०१४ च्या आरंभी नॅस्कारने गटाने होणारी बाद फेरीची पद्धत जाहीर केली. सव्वा मैल किंवा त्याहून मोठ्या ट्रॅकवर पंचवीस, दहा आणि पाच मिनिटांचे तीन टप्पे ठेवले गेले. पहिल्या टप्प्यातून चोवीस आणि दुसऱ्यातून बारा गाड्या पुढे जाणार होत्या. लहान ट्रॅकवर दोनच टप्पे होते. सुरुवातीला या बदलाचे स्वागत झाले, आणि ते खोटे नव्हते. शुक्रवारी दुपारी चाळीसहून अधिक गाड्या एकेक करून फिरताना पाहण्याचा कंटाळा आलेले चाहते पुष्कळ होते. फॉर्म्युला वनमध्ये २००६ पासून तीन टप्प्यांची पद्धत रुळलेली होती आणि शेवटच्या मिनिटाला कोण वाचतो, कोण गळतो, हे पाहण्याची चटक टीव्हीच्या प्रेक्षकांना लागलेली होती.

पहिली कुरकुर इंजिनांच्या उष्णतेवरून झाली. एक वेगवान फेरी मारल्यानंतर इंजिन थंड करण्यासाठी चालक गाडी अगदी हळू फिरवत राहत, आणि मागून दुसरा पूर्ण वेगात येत असे. हे धोक्याचे आहे अशी तक्रार खुद्द चालकांनी केली. तेव्हा काही आठवड्यांतच ट्रॅकवर असे रेंगाळणे बंद करून पिट लेनमध्ये, म्हणजे गाड्या थांबवण्याच्या बाजूच्या पट्ट्यात, थंड पाण्याचे यंत्र जोडण्याची मुभा देण्यात आली. दुसरा आणि मोठा तडाखा फेब्रुवारी २०१५ मध्ये डेटोना ५०० या नॅस्कारच्या सर्वांत मानाच्या शर्यतीच्या वेळी बसला. तेथे पुढच्या गाडीमागच्या कमी दाबाच्या हवेचा फायदा इतका मोठा असतो की प्रत्येक जण दुसऱ्याने आधी सुटावे म्हणून थांबून राहिला, शेवटी सगळे एकदम धावले, आणि रीड सोरेनसन व क्लिंट बॉयर यांच्या गाड्यांची टक्कर होऊन दोन्हींचे नुकसान झाले. बॉयर कॅमेऱ्यासमोर या पद्धतीविषयी जे बोलला, त्यात चाहत्यांच्या मनातला राग नेमका उतरला होता. त्या शर्यतीसाठी पहिले स्थान जेफ गॉर्डनने मिळवले, तेही त्याच्या शेवटच्या पूर्ण हंगामात. परंतु त्या दिवसाची आठवण बहुतेकांच्या मनात त्याच्या पराक्रमाची नसून त्या टकरीची आहे. त्याच हंगामात टॅलाडेगा आणि डेटोना या अतिवेगवान ट्रॅकसाठी एकट्या गाडीची पद्धत परत आणली गेली.

तरीही इतर ओव्हल ट्रॅकवर गटपद्धत चालू राहिली आणि तिचा शेवट मार्च २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील फोंटाना येथे जवळजवळ ठरून गेला. त्या वर्षी मोठ्या ओव्हलसाठी इंजिनाची ताकद कमी करून मागचे स्पॉइलर (हवा अडवणारी पट्टी) उंच करण्यात आले होते, त्यामुळे दुसऱ्याच्या मागे राहून फेरी मारण्याचा लाभ तेथेही वाढला. शेवटच्या टप्प्यातल्या बाराही गाड्या पिट लेनच्या तोंडाशी एकमेकींकडे पाहत थांबल्या, निघाल्या त्या इतक्या उशिरा की घड्याळ संपण्यापूर्वी एकीनेही प्रारंभरेषा ओलांडली नाही. एकाही गाडीची वेळ नोंदली न गेल्यामुळे आधीच्या टप्प्यात सर्वांत जलद असलेल्या ऑस्टिन डिलनला पहिले स्थान देण्यात आले, आणि प्रेक्षकांनी जी हुर्यो उडवली ती टीव्हीवरही स्पष्ट ऐकू आली. मे महिन्यात नॅस्कारने सर्व ओव्हलवर एकट्या गाडीची पद्धत पुन्हा लागू केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये इटलीतील मोन्झा येथे फॉर्म्युला वनच्या गाड्यांनीही शेवटच्या टप्प्यात असेच रेंगाळून आपले हसे करून घेतले, म्हणजे हा रोग केवळ नॅस्कारचा नव्हे. जेथे मागे राहण्यात फायदा आहे तेथे चाळीस शहाणी माणसेही तसेच वागणार.

एवढे सर्व होऊनही गटपद्धतीची बाजू घेणारे चाहते कमी झालेले नाहीत, आणि त्यांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतो. पूर्वी एकट्या गाडीच्या फेरीला जी धार होती, ती रविवारी शर्यतीत कोण असेल आणि कोण सामान बांधून घरी जाईल या प्रश्नामुळे होती. २०१६ पासून चार्टरची व्यवस्था आली, छत्तीस गाड्यांना जागेची हमी मिळाली आणि चाळीस गाड्यांच्या शर्यतीत फक्त चार जागा खुल्या राहिल्या. बहुतेक आठवड्यांत त्या चारही जागांसाठी दावेदार नसतात. अपवाद डेटोना ५०० चा. २०२५ मध्ये तेथे जिमी जॉन्सन हा नॅस्कार मालिकेचा सात वेळचा आणि मार्टिन ट्रूएक्स ज्युनिअर हा २०१७ चा मालिकाविजेता, दोघेही चार्टर नसलेल्या गाडीत होते आणि एकट्याने मारलेल्या एका फेरीच्या बळावर त्यांनी आपली जागा पक्की केली. असे क्षण पोकोनोला मिळणार नाहीत, हे तिकीट काढण्यापूर्वी समजून घेतलेले बरे. तेथे पणाला लागते ते सुटण्याचे स्थान आणि पिटमधली जागा निवडण्याचा मान. पहिला आलेला चालक बहुधा पिट लेनच्या बाहेर पडण्याच्या तोंडाशी असलेली जागा घेतो, आणि रविवारी अरुंद फरकाच्या वेळी तिचा उपयोग होतो.

आणखी एक तक्रार अलीकडची आहे. २०२२ ते २०२४ या काळात बहुतेक ओव्हलवर गाड्या दोन गटांत, पण एकेकट्या धावत, आणि प्रत्येक गटातील पहिल्या पाच अशा दहा गाड्यांची अंतिम फेरी होई. २०२५ पासून बहुतेक ओव्हलवर ती अंतिम फेरी काढून टाकण्यात आली. एकदाच सुटायचे, जी वेळ लागेल ती लागेल. दहा जणांची चुरस गेली म्हणून नाराज झालेले चाहते मला भेटले आहेत आणि त्यांची नाराजी मी अवास्तव म्हणणार नाही. माझे मत थोडे वेगळे आहे. दुसरी संधी नाही हे माहीत असताना चालक पहिल्या वळणात किती धाडस करतो, ते पाहण्यात मला अधिक गोडी वाटते.

आता माझ्या निर्णयामागच्या खऱ्या कारणाकडे येतो. ते फोंटानासारखे गाजलेले नाही. गटपद्धतीच्या वर्षांत मी एका ओव्हलवर पहिला, पंचवीस मिनिटांचा टप्पा पाहत होतो आणि माझ्याबरोबर सोलापूरहून आलेले माझे मेव्हणे होते. हिरवा झेंडा पडला, पहिल्या काही मिनिटांत बहुतेक गाड्या बाहेर पडल्या, एक किंवा दोन फेऱ्या झाल्या, आणि मग सगळे आत येऊन उभे राहिले. सर्व टप्प्यांसाठी टायरचा एकच संच वापरायचा असल्यामुळे त्या टायरवरची पहिली फेरीच सर्वांत चांगली असे. ज्याचा क्रमांक पहिल्या चोविसात सुरक्षित होता, त्याला पुन्हा बाहेर पडून टायर झिजवण्याचे काहीच कारण नव्हते. बॉनेटच्या झडपेतून जाड नळ्या आत घातलेल्या, पिट लेनमध्ये थंड पाण्याच्या यंत्रांची घरघर, दोन-दोन माणसे गाडीशेजारी वाकलेली, चालक हेल्मेट घालून आत बसलेले आणि समोरच्या फलकावर घड्याळ तेवढे उलटे धावत असलेले. मेव्हण्यांनी मला विचारले, “दाजी, ह्या गाड्या बंद करून का ठेवल्यात? कुठं काय बिघडलंय का?” मी त्यांना टायर, उष्णता, चोवीस जणांची मर्यादा असे सगळे समजावून सांगितले, त्यांनी ऐकूनही घेतले. परंतु समजावून सांगण्याला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एकही गाडी समोरून गेली नाही. टीव्हीवर हा काळ जाहिराती, मुलाखती आणि मागील फेऱ्यांची दृश्ये दाखवून भरून काढता येतो. उन्हात बसलेल्या माणसाला तो जसाच्या तसा सोसावा लागतो. पंचवीस मिनिटांतली मधली दहा-बारा मिनिटे अशी रिकामी जाणे हा अपघात नव्हता, तो त्या पद्धतीच्या हिशेबातच होता, आणि हेच मला फार खटकले. टक्कर क्वचित होते, फोंटाना एकदाच घडले; हे उभे राहणे मात्र मला पुनःपुन्हा पाहावे लागले.

पोकोनोला याच्या नेमके उलट घडते. अडीच मैलांचा तो तीन वळणांचा ट्रॅक आहे आणि तिन्ही वळणे वेगवेगळ्या स्वभावाची आहेत. पहिल्या वळणाला आतल्या बाजूकडे चौदा अंशांचा उतार आहे, तर तिसरे जवळजवळ सपाट, केवळ सहा अंशांचे. समोरच्या लांबलचक सरळ भागाच्या शेवटाकडील स्टँडमध्ये बसल्यास एकटी गाडी डावीकडून मोठी होत येते, समोरून सुटते आणि मग पहिल्या वळणाच्या आधी चालक पाय उचलतो तो क्षण कानांना कळतो. दुसरी गाडी नसल्यामुळे आवाजात भेसळ नसते. पहिल्या पाच-सहा गाड्या होईपर्यंत काही उमगत नाही. त्यानंतर मात्र कोणी पाय लवकर उचलला, कोणी उशिरा, गिअर खाली घेताना कोण अडखळला, हे फलकावर वेळ झळकण्यापूर्वीच मनात येऊ लागते, आणि आपला अंदाज खरा ठरला की शेजारच्या अनोळखी अमेरिकन आजोबांकडे पाहून मान डोलवावीशी वाटते. एक वेगवान फेरी बावन्न सेकंदांच्या आसपासची असते, आणि एक गाडी फेरी पुरी करीत असतानाच पुढची पिट लेनमधून निघते, त्यामुळे ट्रॅक फार काळ रिकामा राहत नाही. २०२५ च्या जूनमध्ये डेनी हॅमलिनने येथे पहिले स्थान घेतले. पोकोनोशी त्याचे जमते हे सर्वांना माहीत आहे, पण ते का जमते हे त्याची गाडी एकटी असतानाच नीट पाहता येते. रविवारी गर्दीत ते हरवून जाते.

आपल्याकडे पुणे जिल्ह्यात, खेड-मंचरच्या बाजूला, बैलगाडा घाटात एकटाच पळतो, त्याची बारी घड्याळावर मोजली जाते आणि तरीही हजारो माणसे प्रत्येक बारीला उभी राहून ओरडतात. सातारा-सांगलीकडे मात्र अनेक गाड्या एकत्र सोडतात आणि तिकडच्या शौकिनांना घाटातली शर्यत बेचव वाटते. लहानपणी कोणती पाहिली यावरच आवड ठरते, असा मला संशय आहे, आणि माझे आजोळ खेड तालुक्यातले आहे हे वाचकांनी लक्षात घेऊन माझे मत थोडे सैल हाताने घ्यावे.

एकट्या गाडीच्या पद्धतीतले दोष झाकून ठेवण्याजोगे नाहीत. कार्यक्रम लांबतो, मधल्या काही गाड्यांच्या वेळी कोणी खायला उठले तर फारसे बिघडत नाही, आणि सर्वांत मोठे म्हणजे परिस्थिती सर्वांना सारखी मिळत नाही. ट्रॅक तापला की टायरची पकड सैल होते. ढग आला की तीच जागा काही क्षणांत जलद होते. पोकोनोच्या डोंगरात ढगांना तोटा नाही. चांगल्या वेळेला सुटलेल्याने पहिले स्थान घेतले की दुसऱ्याच्या चाहत्यांनी आकाशाकडे बोट दाखवावे, हे तेथे नेहमीचेच. पाऊस पडला तर अशा मोठ्या ओव्हलवर सगळेच थांबते, आणि क्वालिफायिंग रद्द झाल्यास सुटण्याचा क्रम मुख्यतः गेल्या शर्यतीतील क्रमांक आणि संघमालकाचे गुण यांच्या सूत्रावरून ठरतो. आपण मात्र रेनकोट घालून परत येतो.

वॉटकिन्स ग्लेनची परिस्थिती या बाबतीत बरीच सुखाची आहे. तेथे ओलसर ट्रॅकवर पावसाळी टायर लावून गाड्या धावू शकतात, म्हणून रिमझिमीत दिवस वाया जाण्याची भीती कमी. १९६१ ते १९८० या काळात येथे फॉर्म्युला वनची अमेरिकन ग्रां प्री होत असे, आणि ज्या वाचकांची गोडी फॉर्म्युला वनपासून सुरू झाली आहे त्यांना हा ट्रॅक आणि ही पद्धत दोन्ही ओळखीची वाटतील. मला हेही नमूद केले पाहिजे की ओव्हलवर ज्या कारणाने गाड्या थांबून राहत, ते कारण येथे तितके लागू पडत नाही. वळणे जास्त आणि सरळ भाग तुलनेने कमी असल्यामुळे दुसऱ्याच्या मागे लागण्याचा लाभ मर्यादित राहतो. नवे टायर असतानाच फेरी मारून घ्यावी असा सर्वांचा कल असतो. चढावरच्या डाव्या-उजव्या वळणांपाशी गवतावर खुर्ची टाकून बसलात तर एकामागून एक गाड्या अंगावर आल्यासारख्या येतात, आणि मागच्या सरळ भागाअखेरच्या ‘बस स्टॉप’ वळणात चाके कडेच्या उंचवट्यावर आपटून गाडीचे पुढचे टोक उसळते, ते दृश्य पोकोनोला कधीच मिळणार नाही. मुलांना घेऊन जाणार असाल तर हा मुद्दा लहान समजू नये.

माझी अडचण दुसरी आहे. तेथे कोणत्याही एका जागेवरून ट्रॅकचा एक तुकडाच दिसतो आणि त्या तुकड्यातून जाणाऱ्या आठ-दहा गाड्यांपैकी कोणती पूर्ण जोरात आहे, कोणती टायर गरम करीत आहे आणि कोणती फेरी सोडून परत येत आहे, हे नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. चालक आणि त्याच्या संघाचे बोलणे ऐकवणारा रेडिओ स्कॅनर कानाला लावला किंवा फोनवर वेळा पाहत राहिलो तर कळते; पण मग मी चार तास गाडी चालवून जाऊन फोन पाहत बसतो. एखाद्याची उत्तम फेरी ट्रॅकच्या दुसऱ्या टोकाला कोणी आडवे आल्यामुळे वाया गेली, तरी आपल्यापर्यंत पोहोचते ती फक्त मंद झालेली गाडी. २०२५ मध्ये रायन ब्लेनीने येथे पहिले स्थान घेतले आणि रविवारी वळणावळणांच्या ट्रॅकवर तयार झालेला न्यूझीलंडचा शेन व्हॅन गिसबर्गन जिंकला. व्हॅन गिसबर्गनची ब्रेक लावण्याची तऱ्हा इतरांहून निराळी आहे असे सर्व जाणकार सांगतात. ती मला एकट्या फेरीत पाहायला मिळावी अशी माझी फार इच्छा आहे. गटात ती डोळ्यांसमोरून निसटते.

तेव्हा ज्यांना वातावरण हवे आहे, तंबू ठोकून दोन दिवस राहायचे आहे, वळणावळणांचा ट्रॅक आवडतो आणि फलकावरच्या आकड्यांपेक्षा गाड्यांची वर्दळ जास्त मोलाची वाटते, त्यांनी ग्लेनला जावे. त्यांचा शनिवार बहुधा चांगलाच जाईल. ज्यांना एखादा चालक ओळखायचा आहे, तशाच गाडीकडून दुसऱ्याने काय काढले आणि याने काय काढले हे स्वतः पाहून ठरवायचे आहे, त्यांना मी पोकोनोकडे वळण्यास सुचवीन. हाताशी एकच शनिवार असेल तर मी तरी पोकोनोच निवडतो, आणि दोन तासांचे अंतर हे त्यामागचे एकमेव कारण नाही.

निघण्याच्या वेळेबाबत एक फरक लक्षात ठेवावा. पोकोनोला वर सांगितलेल्या क्रमांक-गुणांच्या सूत्रात मागे असलेल्या गाड्या आधी सुटतात आणि नावाजलेले चालक बहुधा उत्तरार्धात येतात, त्यामुळे रस्त्यात गर्दी लागून अर्धा तास उशीर झाला तरी दिवस हातचा जात नाही. ग्लेनला गटच मोजक्या मिनिटांचा असतो, पार्किंगपासून बसण्याच्या जागेपर्यंत चालणेही बरेच पडते, आणि उशीर झाला तर अख्खा एक गट चुकतो. तेथे जायचे ठरवल्यास पहाटेच निघावे.